वाचक विचारतात: घरात अजून एक गाडी, तीही इलेक्ट्रिक, घेऊ का?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की शोरूमच्या ऑफर्स सुरू होतात आणि आमच्याकडे गाड्यांचे प्रश्न. यावेळी तर इतके आले की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकावर टाकलेत, आणि त्यातले सहा निवडून जरा सविस्तर उत्तरं देतोय.

प्रश्न: आम्ही सांखळीला राहतो. मी पणजीत नोकरीला, मिस्टर डिचोलीला. घरात दोन पेट्रोल स्कूटर आणि एक जुनी कार आहे. मी बसनेच जाते पण ऑफिसात उशीर झाला की परत यायला बस मिळत नाही, म्हणून या चवथीला इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं चाललंय. मिस्टर म्हणतात पेट्रोलही वाचेल आणि प्रदूषणही शून्य. घेऊ का?
– एक वाचक, सांखळी

उत्तर: ताई, आधी हिशोब करू मग बाकीचं बोलू. तुमचं जाऊन येऊन साधारण ७० किलोमीटर धरूया. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल कार असेल तर रोज पावणेपाच लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे लिटर शंभराच्या घरात धरलं तर साडेचारशेच्या वर रुपये. तेवढंच अंतर इलेक्ट्रिक कारने गेलात तर चार्जिंगमध्ये वाया जाते ती धरून ११ युनिट लागतील, घरच्या मीटरवर युनिटला ५ रुपये धरले तरी ५५ रुपये. पेट्रोल कारशी तुलना केली तर पेट्रोल वाचेल हे मिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

प्रदूषण शून्य हे मात्र बरोबर नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तुमच्या रोजच्या फेरीचा पावणेअकरा किलो. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास निघतो कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, म्हणजे ११ युनिटांचा पावणेआठ किलो. धूर तुमच्या गाडीमागे दिसणार नाही पण दुसरीकडे कुठेतरी निघणारच. आणि आता तिसरा आकडा बघा, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तीच फेरी साध्या डिझेल बसची धरली, लिटरला ४ किलोमीटर जाणारी, आत ३५ माणसं, तर माणशी सव्वा ते दीड किलो. डिझेलची बस, इलेक्ट्रिकसुद्धा नाही! म्हणजे तुम्ही आजवर ज्या बसने गेलात ती एकट्या माणसाच्या इलेक्ट्रिक कारपेक्षा पाचपट हलकी पडते. बसमधून उतरून इलेक्ट्रिक एसयूव्हीत बसलात तर तुमचं प्रदूषण वाढणार, कमी होणार नाही.

शिवाय बॅटरी बनवतानाचं वेगळं. ४० युनिटची बॅटरी बनवायला अंदाजे अडीच ते चार टन कार्बन खर्ची पडतो, पेट्रोल कारच्या तुलनेत तो फेडायला आपल्या विजेवर साठ ते नव्वद हजार किलोमीटर गाडी चालावी लागते. रोज ७० किलोमीटर चालणारी गाडी ते तीन-चार वर्षांत फेडेल, पण रविवारी बाजाराला आणि चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला तेवढी बाहेर काढली तर कधीच फेडणार नाही.

पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला टोचलं ते वेगळंच आहे. उशीर झाला की बस मिळत नाही. तुम्हाला गाडी नकोय हो ताई, तुम्हाला रात्री आठची बस हवीय, आणि ती नाही म्हणून घरात दहा-पंधरा लाखांचं कर्ज येतंय. हे तुमच्या एकटीचं नाही, गोव्यात गावागावात हेच झालंय. दिवसा खाजगी मिनीबस एकामागून एक, संध्याकाळी गर्दी कमी झाली की मालकाला फेरी परवडत नाही म्हणून बंद, मग माणसं स्कूटर घेतात, मग दिवसाची गर्दीही कमी होते, मग अजून फेऱ्या बंद. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो आणि आज नोंदणी झालेल्या गाड्या जवळपास माणसांइतक्या झाल्यात, त्या काही हौसेने आलेल्या नाहीत, निम्म्या तरी अशाच नाइलाजाने आल्यात असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं सांगणं असं. अंधारात स्टँडवर एकटीने ताटकळत राहा असं मी कधीच म्हणणार नाही, तुमची सुरक्षितता आधी. पण घरातल्या दोन स्कूटरपैकी एक विकून इलेक्ट्रिक घ्या, सांखळीच्या स्टँडपर्यंत त्यावर जा, तिथून बस. उशीर होणार हे माहीत असेल त्या दिवशी ऑफिसातल्या त्याच बाजूच्या लोकांबरोबर एका गाडीने या, पेट्रोल वाटून घ्या. आणि तुमच्यासारखे संध्याकाळी अडकणारे पंधरा-वीस जण नक्की निघतील, सगळ्यांच्या सह्या घेऊन कदंबाला, म्हणजे सरकारी बस महामंडळाला, आणि आमदारांना लेखी द्या, किती वाजता, कुठून कुठे, किती माणसं. नुसती तक्रार बाजूला पडते, आकडे दिले की कोणालातरी उत्तर द्यावं लागतं. एवढं करूनही कार घ्यावीच लागली तर जुनी काढून तिच्या जागी घ्या, तिच्या शेजारी नको, आणि एसयूव्ही नको, लहान घ्या. जड गाडीला वीज जास्त लागते, टायर लवकर झिजतात आणि त्या झिजलेल्या टायरचा भुगा पहिल्या पावसात गटारातून ओहोळात नि तिथून नदीत जातो, तिथे पेट्रोल काय नि इलेक्ट्रिक काय, फरक नाही.

प्रश्न: वाळपईचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. इलेक्ट्रिक स्कूटर पावसात चालते का, शॉक बसणार नाही ना? आणि आमच्याकडे झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते त्याचं काय?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: चालते, बिनधास्त चालते. चांगल्या कंपनीच्या स्कूटरची बॅटरी आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेली. बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस १५६ हे नियम २०२२ च्या डिसेंबरपासून अजून कडक झालेत, त्याआधीचं जुनं मॉडेल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तरी रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर त्यात घालू नका, तो नियम पेट्रोलच्या गाडीलाही आहे.

खरा धोका गाडीत नसून घराच्या भिंतीत असतो. बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. गाडी यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, चार्जिंगला वेगळा १६ अँपियरचा पॉइंट काढा, त्याला एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) लावून घ्या. खिडकीतून एक्स्टेन्शन वायर सोडून अंगणात चार्जिंग करणं हे अजिबात, अजिबात नको, पावसाळ्यात तर जिवाशी खेळ. पॉइंट पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत असा हवा. भिजून आल्या आल्या लगेच चार्जिंगला लावू नका, सॉकेट कोरडं होऊ द्या. समुद्राजवळ राहणाऱ्या वाचकांनी चार्जिंगचे पिन अधूनमधून बघत राहावं, खाऱ्या हवेने गंज चढतो.

वीज जाण्याचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली येऊच द्यायची नाही, वीज असली की लावायची. आत ३ युनिटची बॅटरी असेल तर साधारण ८० ते १०० किलोमीटर मिळतात, गावातल्या वापराला दोन-तीन दिवस निघतात.

प्रश्न: पेट्रोलऐवजी वीज, पण वीज कोळशाचीच, मग हे सगळं ढोंग नाही का? आणि बॅटरीसाठी खाणी खोदतात त्याचं कोणी बोलत नाही. खाणींनी आपल्याकडे काय केलं ते आम्ही पाहिलंय.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ढोंग नाही, पण अर्धं सत्य आहे, आणि तुमचा राग मला पटतो. गोव्याची जवळपास सगळी वीज बाहेरून येते, त्यात छत्तीसगडचं कोरबा, मध्य प्रदेशचं विंध्याचल अशी कोळशाची केंद्रं आहेत. आपल्या स्कूटरचा धूर तिथल्या लोकांच्या अंगणात जातो हे मान्य करायलाच हवं. आणि वीज आणायला लाईनही लागते. २०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी जी पोरं रस्त्यावर उतरली त्यांच्या विरोधाच्या तीन कामांत तमनारची वीजवाहिनी होती, रेल्वेचं दुपदरीकरण होतं आणि हायवेचं रुंदीकरणही होतं. म्हणजे आपल्याला जास्त वीज हवी आणि जास्त रस्ताही हवा, आणि दोन्हीची किंमत त्याच एका जंगलाने द्यायची.

तरीही बरीचशी कोळशाची असलेल्या आपल्या विजेवर चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर पेट्रोल स्कूटरच्या साधारण निम्माच कार्बन सोडते कारण मोटर वीज फारशी वाया घालवत नाही, पेट्रोलच्या इंजिनात मात्र चारातले जवळपास तीन हिस्से उष्णता होऊन उडून जातात. पेट्रोलची गाडी जुनी होईल तशी जास्त धूर सोडते, विजेची गाडी मात्र ग्रिडमध्ये सोलर वाढेल तशी आपोआप स्वच्छ होत जाते. म्हणून जमेल तेव्हा दुपारी चार्ज करा, तेव्हा सोलरची वीज असते, आणि घरावर स्वतःचं पॅनेल असेल तर प्रश्नच मिटला.

खाणींचं म्हणाल तर एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल नसतं, काँगोमधल्या कोबाल्टच्या खाणीत लहान मुलंही राबतात हे वाचल्यापासून मी कोणालाही तीच बॅटरी बघायला सांगतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, भंगारवाल्याला देऊ नका. पण लिथियम तर खोदावं लागतंच. एका मोठ्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत पंधरा-वीस स्कूटर होतात. खाण कमी खोदायची तर गाडी लहान हवी आणि कमी हव्यात, माझ्याकडे याच्यापेक्षा दुसरं उत्तर नाही.

प्रश्न: मी पणजीत मोटारसायकल टॅक्सीचा पायलट आहे, बावीस वर्षं झाली. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. पोरगा म्हणतो इलेक्ट्रिक घे. भीती अशी की मध्येच चार्जिंग संपलं तर भाडं गेलं, आणि बॅटरी गेली तर नवीन घ्यायला पैसे कुठून आणू?
– एक मोटारसायकल पायलट, पणजी

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र बघून खूप बरं वाटलं. बाहेरच्यांना मोटारसायकल टॅक्सी ही नवीन ॲपवाली गोष्ट वाटते, पण गोव्यात पिवळ्या मडगार्डचे पायलट किती वर्षं लोकांना स्टँडवरून घरापर्यंत पोचवतायत. बसने उतरलेल्या माणसाला शेवटचे दोन किलोमीटर तुम्ही नेता म्हणून तो कार घेत नाही, एवढं मोठं तुमचं काम आहे. इलेक्ट्रिकचा फायदा कोणाला सगळ्यात जास्त व्हायला हवा तर तुम्हाला, कारण जी गाडी जास्त चालते तिचा पैसा लवकर वसूल होतो.

दिवसाचे ७० किलोमीटर, लिटरला ४५ धरले तर दीड लिटर, म्हणजे दीडशे रुपये. विजेवर पावणेतीन-तीन युनिट, पंधरा रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर सव्वातीन हजारांच्या वर वाचतात, ऑइल बदलायचं नाही, क्लच-चेन-प्लगचा खर्च नाही तो वेगळा. हप्त्याचा बराचसा भाग त्यातूनच निघेल.

आता भीतीचं. कंपनी १५० किलोमीटर सांगते ते टेस्टचे असतात, रस्त्यावर त्याच्या दोन तृतीयांश धरा. तुमच्या मागे कायम माणूस बसलेला, कधी बॅगा, आल्तिनोचा चढ दिवसातून चार वेळा, म्हणून अजून थोडे कमी धरा. तुमच्या ऐंशीला कंपनीचा आकडा किमान दीडशेचा हवा, त्याच्या खालची गाडी घेऊ नका, दुसऱ्या वर्षी पस्तावाल. दुपारी जेवायला घरी जात असाल तर तासभर लावली तरी खूप भर पडते, आणि बॅटरी काढून वर घरात नेता येते असं मॉडेल मिळालं तर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना सोयीचं पडतं.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या, सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पहिलं, धंद्यासाठी वापरली तर बॅटरीची वॉरंटी राहते का, कारण कित्येक कंपन्या खाजगी वापरालाच पूर्ण वॉरंटी देतात आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. दुसरं, बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली की फुकट बदलून देणार. तिसरं, सर्व्हिस सेंटर गोव्यातच आहे का आणि पार्ट यायला किती दिवस लागतात. माझ्या ओळखीच्या एका पायलटची गाडी एका पार्टसाठी महिनाभर उभी राहिली, तो महिना घर कसं चाललं ते त्यालाच माहीत. परमिटचं आरटीओत आधीच विचारून घ्या, धंद्याच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. आणि तुमच्या स्टँडवरचे सगळे मिळून पालिकेकडे चार्जिंग पॉइंट मागा, एकट्याने मागितलं तर कोणी ऐकणार नाही, वीस पायलट एकत्र गेले तर ऐकतील.

प्रश्न: आमची सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट लावायला परवानगी देत नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: ग्राहकांच्या हक्काच्या वीज नियमांत २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली, त्यात सोसायटीतल्या माणसालाही इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. वीज खात्याकडे अर्ज करा, त्याची प्रत सेक्रेटरीला द्या. त्यांची आगीची भीती समजून घ्या, भांडू नका, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा आणि लोडचा लेखी रिपोर्ट दाखवा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

प्रश्न: मी ७४ वर्षांची आहे, शिवोलीला राहते. मला गाडी नाही, चालवताही येत नाही. पूर्वी देवळात, बाजारात, सगळीकडे चालत जायचे. आता रेंटच्या गाड्या एवढ्या जोरात येतात की रस्ता ओलांडायला नातवाची वाट बघते. या नवीन गाड्यांचा तर आवाजही येत नाही. तुम्ही सगळे गाड्यांचं लिहिता, आमचं कोण लिहिणार?
– एक वाचक, शिवोली

उत्तर: आजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरं तर सगळ्यात आधी तुमचंच छापायला हवं होतं.

आवाजाचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. हळू चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचा आवाज येत नाही म्हणून युरोपात २०२१ पासून प्रत्येक नवीन इलेक्ट्रिक कारला २० किलोमीटरच्या वेगापर्यंत मुद्दाम आवाज करणारं यंत्र सक्तीचं आहे. पण जोरात येणाऱ्या गाडीच्या टायरचाच आवाज मोठा असतो, तो ऐकू येऊनही तुम्हाला ओलांडता येत नाही, कारण प्रश्न वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ३० च्या वेगाने धडक बसलेली बहुतेक माणसं वाचतात, ५० च्या पुढे गेलं की वाचणं अवघड होत जातं, आणि तुमच्या वयात अजूनच. आपल्या एवढ्याशा गोव्यात बहुतेक वर्षी अडीचशेच्या वर माणसं रस्त्यावर मरतात. या सगळ्या गाड्या उद्या इलेक्ट्रिक झाल्या तरी त्यातलं एकही मरण टळणार नाही, आणि फूटपाथवरचं पार्किंग, शेतात मातीचा भराव घालून केलेला रस्ता, काही काही बदलणार नाही.

१९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पर्वरी-म्हापशाकडची माणसं पणजीला फेरीबोटीने येऊ लागली, धक्क्यापर्यंत बस, मग फेरी, मग चालत. हाल झाले, ते दिवस परत यावेत असं कोणी म्हणणार नाही, पण तेव्हा चालणाऱ्या माणसासाठी रस्त्यावर जागा होती. ती कायमची गेलीय असं मात्र मी मानत नाही. पोर्तुगालच्या वरच्या अंगाला स्पेनमध्ये पोन्तेवेद्रा म्हणून गाव आहे, लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, तिथल्या पालिकेने १९९९ पासून मधल्या भागातून गाड्या बाहेर काढल्या, फूटपाथ आणि रस्ता एका पातळीत आणला, आज तिथे म्हातारी माणसं आणि पोरं रस्त्याच्या मधून चालतात.

तुमच्या गावात उद्या काय होऊ शकतं ते सांगतो. ग्रामसभा रविवारी असते, त्याआधी पंचायतीत एक अर्ज द्या, नातवाकडून लिहून घ्या. त्यात जागा नेमकी लिहा, देवळाजवळ, शाळेजवळ, बाजाराच्या वळणावर. तिथे उंचवट्याचं झेब्रा क्रॉसिंग हवं, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल, नुसते पांढरे पट्टे नकोत. गावातून जाणाऱ्या रस्त्याला ३० ची मर्यादा हवी. फूटपाथवर आणि क्रॉसिंगवर गाडी लावायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांतच बंदी आहे, ती ट्रॅफिक पोलिसांनी लावावी. अर्जाची पोच घ्या, प्रत पीडब्ल्यूडीला आणि ट्रॅफिक पोलिसांना पाठवा. ग्रामसभेत तुम्ही स्वतः उभ्या राहून बोला, नातवाला बोलायला लावू नका. सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर आणि शाळेत चालत जाणारी पोरं यांचाही तोच रस्ता आहे, त्यांच्या घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते तुमच्या बाजूला बसतील.

अर्जावर काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवतोय.